पंचमुद्रेचा शोध : काशीतील हरवलेली स्थलनामे

एकनाथांच्या भागवताच्या अखेरीस ग्रंथसमाप्तीचा जो तपशील येतो, तो मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. ग्रंथाचा आरंभ गोदातीरी प्रतिष्ठानात झाला, पाच अध्याय तेथे लिहून झाले आणि उरलेला भाग आनंदवनात विस्तारला, असे नाथ सांगतात. समाप्तीचा दिवस कार्तिकी पौर्णिमेचा. वर्ष ते दोन प्रकारे देतात : उत्तरेकडील वाचकांसाठी विक्रम संवत् १६३० आणि तिकडच्या गणनेचा वृष संवत्सर, स्वदेशीच्या श्रोत्यांसाठी दक्षिणेत चालणारा श्रीमुख संवत्सर. इसवी सनाच्या हिशेबाने हे वर्ष १५७३ होय. एकाच दिवसाला दोन देशांत दोन नावे असतात, आणि ग्रंथ दोन्हींकडे वाचला जाणार आहे, याची एवढी जाणीव क्वचितच एखाद्या मध्ययुगीन ग्रंथकाराने दाखविली असेल.

स्थळाच्या बाबतीत मात्र त्यांना अशी तजवीज करण्याची गरज वाटली नाही. वाराणसी, मणिकर्णिकेचे तीर आणि तेथील पंचमुद्रा नावाचे पीठ एवढा निर्देश त्यांना पुरेसा वाटला. काळ बदलतो, परंतु स्थळ जागच्या जागी राहते, हा त्यामागील विश्वास असावा. प्रत्यक्षात झाले ते उलट. शके १४९५ ची कार्तिकी पौर्णिमा आजही पंचांगाच्या गणिताने अचूक काढता येते. पंचमुद्रा पीठ कोठे, हा प्रश्न मात्र काशीतील नावाड्याला, भाविकाला, किंबहुना घाटावरील पंड्याला विचारला तर बहुधा उत्तर मिळत नाही. मराठी चरित्रग्रंथांतून 'पंचमुद्रा पीठ' किंवा 'पंचमुद्रा मठ' हा शब्द एका पुस्तकातून दुसऱ्यात उचलला जात राहिला आणि त्याच्या जागेचा विचार सहसा झाला नाही. वाराणसीच्या इतिहासात अशी नावे शेकड्यांनी आहेत. त्यांच्या हरवण्याची कारणे एकसारखी नाहीत, आणि ती वेगळी करून पाहिल्याखेरीज शोधाची वाटही सापडत नाही.

आरंभ नगराच्याच नावापासून करावा लागतो. वरणा आणि असी या दोन प्रवाहांच्या मधले ते वाराणसी, ही व्युत्पत्ती आज शाळेतील मुलालाही ठाऊक असते. अबुल फज्लनेही 'आईन-इ-अकबरी'त हेच सांगितले आहे. पण पुरातत्त्वाची साक्ष तिला फारशी अनुकूल नाही. इ.स. १९४० मध्ये काशी रेल्वे स्थानकाच्या कामासाठी राजघाटाचे पठार खणताना प्राचीन वस्तीचे अवशेष उघडे पडले आणि पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयाने तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. प्राचीन नगर होते ते या उत्तरेकडील उंचवट्यावर, वरणा-गंगा संगमाजवळ. असीचा ओढा तेथून बराच दूर, दक्षिणेस. वरणेच्या काठचे म्हणून वाराणसी, आणि असी हा नंतरचा, नावाची फोड जुळवण्यासाठी शोधलेला जोडीदार, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. जाबालोपनिषदात तर ही जोडी वरणा आणि नासी अशी आहे, आणि तिचा अर्थ भुवया व नाक यांच्या संधिस्थानाशी लावला आहे. म्हणजे नाव आधी होते; त्याचा भूगोल प्रत्येक पिढीने आपापल्या गरजेप्रमाणे काढला.

'बनारस' या रूपाविषयीही असाच एक गैरसमज रूढ आहे. यवनी किंवा इंग्रजी उच्चाराने झालेला तो अपभ्रंश, असे समजून २४ मे १९५६ रोजी नगराचे अधिकृत नाव वाराणसी करण्यात आले. परंतु हेमचंद्राने बाराव्या शतकात रचलेल्या प्राकृत व्याकरणात वर्णविपर्ययाची जी सूत्रे दिली आहेत, त्यांत वाराणसी शब्दातील र आणि ण यांची अदलाबदल होऊन 'वाणारसी' होते, असा स्पष्ट नियम आहे. मराठी वाचकाला विशेष वाटावे असे पुढेच आहे. थोड्याच अंतरावर हेमचंद्र अचलपुराचे 'अलचपुर' कसे होते ते सांगतो, आणि लगेच महाराष्ट्राचे 'मरहट्ठ' कसे होते तेही. काशी, वऱ्हाडातील अचलपूर आणि खुद्द महाराष्ट्र ही तीन नावे एका व्याकरणकाराने जवळजवळ एका ओळीत बसविली आहेत. 'मराठी' हा शब्द ज्या न्यायाने शुद्ध, त्याच न्यायाने 'बनारस'ही शुद्ध होय. एलिचपूरचे पुन्हा अचलपूर झाले, बनारसचे वाराणसी झाले. मराठीचे 'महाराष्ट्री' करा, असे मात्र कोणी म्हणत नाही. लोकांनी बनारस हे नाव टाकले नाहीच. विश्वविद्यालयाने ते जपले, साडीने जपले, आणि २०२१ मध्ये मंडुवाडीह या रेल्वे स्थानकाला 'बनारस' असे नाव देऊन सरकारनेही ते परत आणले. त्यात मंडुवाडीह हे जुने गावनाव फलकावरून गेले, हा त्या व्यवहाराचा दुसरा भाग.

सत्तेने दिलेले आणि रुजू न शकलेले एक नाव नाण्यांवर टिकून आहे. अठराव्या शतकात येथील टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर 'मुहम्मदाबाद बनारस' अशी अक्षरे असत. ईस्ट इंडिया कंपनीनेही बादशहाच्या नावाने नाणी पाडताना तो मजकूर चालू ठेवला. नव्या नावाला जुन्याची टेकू द्यावी लागली यातच त्याची दुर्बलता दिसते. बाजारात रुपया चालला, नाव चालले नाही.

भाषांतराने नाव कसे हरवते, याचे सर्वांत बोलके उदाहरण नगराच्या उत्तरेस अडीच कोसांवर आहे. बुद्धाने पहिले प्रवचन केले ती जागा पाली ग्रंथांत 'इसिपतन मिगदाय' म्हणून येते. संस्कृतात ऋषिपतन, मृगदाव. पतन म्हणजे काय, याविषयी प्राचीनांतच एकवाक्यता नव्हती. हिमालयातून आकाशमार्गाने येणारे ऋषी जेथे उतरत ते ऋषिपतन, असे पाली टीकाकार म्हणतात. 'महावस्तू'त मात्र निर्वाण पावलेल्या प्रत्येकबुद्धांचे देह जेथे पडले ते ऋषिपतन, अशी कथा आहे. काही संस्कृत बौद्ध ग्रंथांत तर 'ऋषिवदन' असेच रूप सापडते. तिबेटी भाषांतरकारांनी शब्दाला शब्द देऊन 'ऋषी पडले ते स्थान' असे केले. चिनी यात्रेकरूंनी नगराचे नाव ध्वनीने उतरविले, पण या स्थानाचे नाव अर्थाने उतरविले : मृगांचे रान. ध्वनी उतरविला की उच्चार बिघडतो, तरी मूळ शब्दाचा सांगाडा राहतो. अर्थ उतरविला की शब्द पूर्णपणे नाहीसा होतो.

भारतात तोवर मूळ नावाचा उच्चार करणारे कोणी उरलेच नव्हते. इ.स. १७९४ मध्ये जगतसिंहाच्या माणसांनी बांधकामासाठी विटा काढताना तेथील एक स्तूप उकलला आणि आत अस्थिपात्र सापडले, तेव्हा ते कोणाचे याचाच तर्क सुरू झाला. १८३५-३६ मध्ये तरुण कनिंगहॅमने धमेख स्तूपात विवर खोदले. फाहियानच्या प्रवासवर्णनाचे फ्रेंच भाषांतर पॅरिसला १८३६ मध्ये निघाले आणि ह्युएनत्संगाचे त्यानंतर वीस वर्षांनी. 'नगराच्या ईशान्येस, नदी ओलांडून दहा लींवर मृगांच्या रानातील विहार' हे वर्णन मिळताच जागा ठरली. एक भारतीय नाव चिनीत गेले, चिनीतून फ्रेंचमध्ये आले, फ्रेंचमधून इंग्रजीत, आणि तेथून स्वतःच्या भूमीवर परतले. गमतीची गोष्ट अशी की हरीण तेथून कधी गेलेच नव्हते. जवळच्या शिवालयातील देव सारंगनाथ, म्हणजे मृगांचा स्वामी, आणि त्याच्यावरूनच गावाला सारनाथ हे नाव पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बौद्ध अर्थ शैव नावात लपून राहिला होता. चिनी पोथी नसती तर तो ओळखण्याचा धीर कोणी केला असता का, याची शंकाच आहे.

नगराच्या आतील नावांचा नाश मात्र बराचसा पाण्याबरोबर झाला. आजच्या वाराणसीत गल्ल्या आणि वाहतूक पाहणाऱ्याला कल्पना येणार नाही, परंतु दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत हे सरोवरांचे आणि ओढ्यांचे नगर होते. जेम्स प्रिन्सेप १८२० मध्ये येथील टांकसाळीत नाणेपरीक्षक म्हणून आला. त्याने नगराचा जो नकाशा तयार केला त्यात ही तळी दिसतात. त्याच प्रिन्सेपने आरोग्यासाठी सांडपाण्याचे भुयारी मार्ग काढले आणि तळ्यांचे पाणी गंगेकडे वळवले. ज्याने तळी नकाशावर आणली त्याच्याच हातून ती जमिनीवरून जावीत, हा योग विलक्षण खरा. पण त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण रोगराईचा प्रश्न कल्पित नव्हता.

तळी गेली, नावे उरली, आणि पाणी नसल्याने नावांचा अर्थ कळेनासा झाला. मैदागिन या गजबजलेल्या चौकाचे नाव 'मैदान' शब्दावरून आले असे समजणारे पुष्कळ आहेत. ते मंदाकिनी होय. मच्छोदरी म्हणजे मत्स्योदरी. पावसाळ्यात गंगेचे पाणी उलटे शिरून या सरोवरांतून नगराला वेढा देई, तेव्हा मत्स्योदरी योग होई आणि त्या स्नानाला विशेष पुण्य असे. बेनिया हे वेणीचे रूप. लक्सा हा मोहल्ला लक्ष्मीकुंडाचा. आणि दशाश्वमेधाच्या वाटेवरचा गोदौलिया, जेथे आज सायकलरिक्षांची आणि कापडदुकानांची गर्दी असते, ते स्थान म्हणजे गोदावरीतीर्थ. तो प्रवाह पावसाळ्यात गंगेला मिळे. आता तो रस्त्याखाली आहे.

गोदावरी काशीत कशी, असा प्रश्न पडू शकतो. भारतातील सर्व तीर्थे काशीत अंशरूपाने नांदतात, ही काशीखंडाची भूमिका आहे. ज्या भट्ट घराण्याने काशीच्या धर्मशास्त्रावर दोन शतके अधिकार गाजविला, ते रामेश्वरभट्टांच्या काळी पैठणहून तेथे गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट १५१३ मध्ये जन्मले. गागाभट्ट हे याच वंशातले. गोदाकाठ सोडून आलेल्या या कुटुंबाच्या नव्या नगरातही गोदावरी होती. एकनाथ त्यांच्याच गावचे. १५७३ मध्ये नाथ भागवत पुरे करीत होते, त्या काळी नारायणभट्ट काशीतील पंडितांचे अग्रणी होते. दोघांची भेट झाली होती काय, याची नोंद नाही. नाथांच्या प्राकृत ग्रंथाला पंडितांनी घेतलेले आक्षेप आणि अखेर ग्रंथाची निघालेली मिरवणूक ही कथा परंपरेने सांगितली आहे. तिच्यात नावे शोधू जाणे व्यर्थ होय.

नारायणभट्टांनी 'त्रिस्थलीसेतु' या ग्रंथात प्रयाग, काशी आणि गया यांचा यात्राविधी सांगितला. त्यात नाव आणि स्थळ यांच्या संबंधाचा एक निर्णय आहे, जो धर्मशास्त्राइतकाच इतिहासालाही उपयोगी आहे. विश्वेश्वराचे मंदिर तोवर एकाहून अधिक वेळा पडले होते. मूळ लिंग राहिले नसेल तर यात्रेकरूने काय करावे? भट्टांचे उत्तर असे, की कालगतीने एक लिंग काढले जाऊन दुसरे बसविले गेले तरी त्या स्थानी जे असेल त्याची पूजा करावी. आणि काहीच नसेल तर स्थानालाच नमस्कार-प्रदक्षिणा घडावी. वस्तू नाशवंत, स्थान टिकाऊ. हा निर्णय पुस्तकी नव्हता. त्यांच्याच पुढाकाराने आणि तोडरमलाच्या साहाय्याने १५८५ च्या सुमारास विश्वेश्वराचे भव्य मंदिर पुन्हा उभे राहिले. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने तेही पडले. पुढे अहिल्याबाई होळकरांनी जे बांधले ते जवळच, पण त्या जागेवर नव्हे. तेव्हा स्थान आणि नाव यांची फारकत झाली आणि नारायणभट्टांच्या निर्णयाचा कस लागला. ज्ञानवापीची विहीर जागेवर राहिली, तिच्यावर १८२८ मध्ये बायजाबाई शिंद्यांनी मंडप उभारला. विश्वेश्वर हे नाव पलीकडच्या मंदिराने घेतले.

पंचगंगा घाटावर याच्या नेमके उलट घडले. तेथील बिंदुमाधवाचे विशाल मंदिर फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने १६६५ मध्ये पाहिले व वर्णिले. ते पाडून मशीद झाली, तिचे मिनार नदीवरून कोसावरून दिसत. लोक त्या मिनारांना काय म्हणत? 'बेनीमाधव का धरहरा'. देऊळ गेले, मूर्ती दुसऱ्या घरात गेली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी तिला नवे मंदिर दिले. पण जुन्या जागेने आपले नाव सोडले नाही, मशिदीच्या मिनारांना ते चिकटले. १९४८ मध्ये त्यांतील एक मिनार कोसळला, दुसरा धोक्याचा म्हणून उतरवला गेला. नावाचा आधार तेव्हा संपला.

मराठ्यांनी काशीत घाट, मंदिरे, अन्नछत्रे बांधली हे अभिमानाने सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. मात्र त्या प्रत्येक बांधकामाखाली एखादे जुने नाव गाडले गेले, याचा उल्लेख सहसा होत नाही. लघुसिद्धान्तकौमुदीचा कर्ता वरदराज याने सतराव्या शतकात 'गीर्वाणपदमंजरी' नावाचे एक छोटे संस्कृत संभाषण-पुस्तक रचले. त्यात काशीतील घाटांची जंत्री आहे. विद्यार्थ्याला बोलण्याचा सराव व्हावा म्हणून घातलेली ही नावे आज इतिहासाचे मोलाचे साधन ठरली आहेत, कारण ती घाट दगडी होण्यापूर्वीची आहेत. त्या यादीतील जरासंध घाट अठराव्या शतकात मीर रुस्तम अलीच्या नावाने मीर घाट झाला. सोमेश्वर घाटाला आंबेरच्या मानसिंहाच्या वाड्यामुळे मानमंदिर म्हणू लागले. लोलार्क घाटाचा मोठा भाग तुलसी घाट झाला. अग्नीश्वर घाटावर अमृतराव पेशव्यांनी बांधकाम केले व गणपती बसविला, तेव्हापासून तो गणेश घाट. तेथील गणपती अमृतविनायक म्हणून ओळखला जातो. पुराणात शोभावे असे हे नाव खरे म्हणजे राघोबादादांच्या दत्तकपुत्राचे आहे. नागेश्वराच्या जागी नागपूरकरांचा भोसले घाट आला. केवलगिरी घाट अहिल्याबाईंच्या नावाने चालू लागला. आणि वीरेश्वर घाट? तेथे १८३० च्या सुमारास बायजाबाईंनी इतका भव्य आणि वजनदार घाट बांधला की तो गाळात खचला. पण नाव मात्र खचले नाही. तो शिंदे घाट, हिंदीत सिंधिया घाट.

दात्यांची ही नावेही अमर ठरली नाहीत. अमृतरावांचा दुसरा घाट आता नुसता राजा घाट आहे. कोणता राजा, हे कोणी विचारीत नाही. नागपूर दरबारच्या मुनशींनी बांधलेल्या घाटाचा एक भाग १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी घेतला व तो दरभंगा घाट झाला. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या मराठी वस्तीतील वाड्यांचे हिंदीत 'बाड़ा' झाले. आंग्र्यांचा वाडा 'आंग्रे का बाड़ा' झाला, तेव्हा अक्षर एकच बदलले, पण चौकांच्या, ओसऱ्यांच्या घराऐवजी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुंपण उभे राहू लागले.

नावावरून स्थळ ठरविताना किती सावध असावे लागते, हे दशाश्वमेध घाट शिकवितो. या तीर्थाचे पूर्वीचे नाव रुद्रसर होते, ब्रह्मदेवाने दहा अश्वमेध केल्यावर ते बदलले, असे काशीखंड सांगते. विदर्भात अचलपूरजवळच्या चमक गावी वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा जो ताम्रपट मिळाला, त्यात भारशिवांच्या वंशाविषयी म्हटले आहे, की त्यांनी पराक्रमाने मिळविलेल्या भागीरथीच्या जलाने अभिषेक घेतला व दहा अश्वमेधांनंतर अवभृथस्नान केले. काशीप्रसाद जायसवालांनी १९३३ मध्ये हे दहा अश्वमेध काशीतले ठरवून घाटाचे नाव त्यांच्याशी जोडले. कल्पना मोहक आहे आणि ती पुष्कळ पुस्तकांत सत्य म्हणून शिरली आहे. पण ताम्रपटात काशीचे नाव नाही, घाटाचे नाही. दहा ही संख्या आणि गंगा एवढाच धागा. त्याच ताम्रपटातील दान दिलेले चर्मांक गाव म्हणजे आजचे चमक, हे मात्र निःसंशय म्हणता येते, कारण तेथे उच्चार जुळतो, परिसर जुळतो आणि ताम्रपट सापडल्याची जागाही तीच. भोजकट म्हणजे भातकुली ही ओळखही अशीच भक्कम मानतात. एका बाजूला तीन साक्षीदार आहेत, दुसऱ्या बाजूला एक योगायोग.

हीच कसोटी पंचमुद्रेला लावून पाहता येते. नाथांनी दोन खुणा दिल्या आहेत : पीठाचे नाव, आणि मणिकर्णिकेचे तीर. पंचमुद्रा हे नाव काशीखंडाच्या उत्तरार्धात, ब्याऐंशी-त्र्याऐंशीव्या अध्यायांत येते. अमित्रजित राजाची राणी मलयगंधिनी हिला मूळ नक्षत्रावर मुलगा होतो. राजाला अनिष्ट होऊ नये म्हणून ती ते अर्भक पंचमुद्रा नावाच्या महापीठात विकटादेवीपुढे ठेवविते. मातृका त्याचे रक्षण करतात. मोठा होऊन तो तेथेच तप करतो, आणि त्याच्यासाठी प्रकटलेले लिंग वीरेश्वर होते. म्हणजे पंचमुद्रा, विकटा आणि वीरेश्वर ही तीन नावे एकाच परिसराची आहेत.

यांपैकी पंचमुद्रा हे नाव गेले. विकटा संकटा झाली. आजच्या संकटादेवीला जुनी विकटा मातृका मानतात. उग्र देवीची संकट निवारणारी देवी होताना केवळ एका वर्णसमूहाचा फरक पुरला, आणि भक्तांना नवा अर्थ अधिक जवळचा वाटला असणार. घाटानेही संकटा घाट हे नाव घेतले. वीरेश्वर मात्र जागेवर आहे, आत्मवीरेश्वर या नावाने, शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत. अपत्यासाठी त्याला नवस करण्याची चाल काशीखंडाइतकी जुनी आहे. कलकत्त्याच्या भुवनेश्वरीदेवींनी काशीतील आप्तेकरवी याच देवाला नवस केला होता, म्हणून नरेंद्रनाथांचे, म्हणजे पुढच्या विवेकानंदांचे, पाळण्यातले नाव वीरेश्वर. आता दुसरी खूण. शिंदे घाट मणिकर्णिकेला उत्तरेकडून लागूनच आहे. नाथांच्या काळी दगडी घाटांच्या सीमा नसताना या तीराला मणिकर्णिकेचे तीर म्हणणे स्वाभाविक होते. नाव जुळते, कथा जुळते, परिसर जुळतो. भागवताची टीका संपली ती मणिकर्णिका आणि संकटा घाट यांच्यामधल्या, वीरेश्वराच्या सावलीतल्या या चढावर कोठेतरी, एवढे म्हणण्यास हरकत दिसत नाही. नेमके घर किंवा मठ दाखविण्याचा आग्रह धरणारे पुढे येतील, तेव्हा त्यांच्याकडे चौथा साक्षीदार मागावा. मराठीतील एका थोर ग्रंथाच्या समाप्तीच्या जागेचे नाव मराठी राणीच्या घाटाखाली झाकले गेले, ही गोष्ट मात्र नोंदवून ठेवावी लागते.

काशीखंडातील अशा शेकडो देवस्थानांची आजची जागा निश्चित करण्याचे काम कुबेरनाथ सुकुल यांनी केले. त्यांचे 'वाराणसी वैभव' १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी मोतीचंद्रांचा 'काशी का इतिहास' १९६२ मध्ये आला होता. १९८२ मध्ये डायना एक यांच्या ग्रंथाने हे संशोधन इंग्रजी वाचकांपर्यंत नेले. सुकुलांच्या पद्धतीत एक साधी, व्यवहारी युक्ती होती. पुराणात एखादे लिंग 'अमक्याच्या पूर्वेस, तमक्या कुंडाच्या दक्षिणेस' असे सांगितलेले असते. कुंड बुजले, अमके देऊळ पडले, की दिशा निरर्थक होतात. म्हणून त्यांनी प्रत्येक स्थानापुढे नगरपालिकेचा घरक्रमांक दिला : चौक विभागासाठी 'सीके', कोतवालीसाठी 'के', दशाश्वमेधासाठी 'डी', आणि पुढे आकडे. एखादा प्राचीन विनायक कोणाच्या घराच्या जिन्याखाली, एखादा आदित्य भिंतीच्या कोनाड्यात, एखादे लिंग परसातल्या विहिरीपाशी. बाराव्या शतकात गाहडवालांचा मंत्री लक्ष्मीधर याने 'कृत्यकल्पतरु'त नोंदलेल्या देवाचा पत्ता विसाव्या शतकात टपालाच्या शिपायाला सापडेल अशा रीतीने लिहिला गेला.

मार्च २०१९ मध्ये विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतच्या मार्गाचे काम सुरू झाले आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी तीनशेहून अधिक घरे-दुकाने संपादित करून उतरविण्यात आली. लाहोरी टोला हा मोहल्ला जवळजवळ संपूर्ण गेला. घरे पाडताना त्यांच्या पोटातून अनेक लहानमोठी मंदिरे बाहेर आली. त्यांतली काही जागेवर जपली गेली, आणि यात्रेकरूंना मोकळ्या फरशीवरून आता ती दिसतात. ज्या घरक्रमांकांनी ती ओळखली जात होती ते क्रमांक मात्र आता कोणत्याही दारावर नाहीत. ते फक्त सुकुलांच्या पुस्तकात आहेत.